अडकित्ता कुणाचा व्हता

माय,

आधीच सांगते, लिहिण्यात लई चुका असतील. ऱ्हस्व-दीर्घ मला शाळेत असतानाबी जमत नव्हतं, आन शाळा सुटून आता चार वर्षं झाली. हे मी वहिनीच्या जुन्या मोबाईलवर एका बोटानं टाईप करायलेय. एक शब्द लिहिला की मोबाईल आपल्या मनानं दुसराच शब्द पुढं करतो, मग तो खोडत बसायचं. सकाळपासून एवढंच झालंय. तुला वाचता येत व्हतं का नाय तेबी मला धड माहीत नाय. पिशवीवरचं दुकानाचं नाव तू बोट फिरवून वाचायचीस, एवढं आठवतं. तू गेलीस तवा मी आठ वर्षांची व्हते, आता एकोणीसची हाय. तुला सांगायचंय ते हे की तुझा अडकित्ता मी हरवला. हरवला म्हणले तेबी खोटंच. टाकून दिला, आन नाव दुसऱ्याचं घेतलं.

तू गेल्यावर पाचोडच्या मावशीनं, हसली की तुझ्यासारखीच दिसायची ती, तुझी लुगडी बायांमधी वाटली. सगळं वाटून झाल्यावर अडकित्ता माझ्या हातात दिला आन म्हणली, "ह्यो तुव्हा." तवापासून तो माझ्याच पेटीत व्हता. छावणीतल्या दुकानदाराचं सुपारीचं पोतं दारात यायचं आन तू उंबऱ्याला पाठ लावून दिवसभर कातरत बसायचीस, तेव्हाचा तुझ्या बोटांचा तांबडा डाग त्याच्या दांडीवर तसाच व्हता. मी कधी त्यानं सुपारी कातरली नाय. नुसती उघडझाप करायचे, आवाजासाठी.

आता सगळं नीट सांगते. दादाचं लग्न झालेलं तू पाह्यलं नाय. वहिनी शहरातली, सरकारी दवाखान्यात नर्स हाय, स्वभावानं चांगली हाय. थोरला पोरगा आता सात वर्षांचा, धाकटी चारची. धाकटी झाली तवा मी नववीत व्हते. दादा वाळूजला कंपनीत शिफ्टला, वहिनीला ड्युटी, मग लेकरू कोण सांभाळणार? कुणी मला शाळा सोड म्हणलं नाय. मीच म्हणले, ऱ्हाते घरी. सगळ्यांना वाटलं पोरगी किती गुणाची. मला मात्र वर्गात उभं राहून धडा वाचायचं भ्या वाटायचं, ते सुटलं म्हणून मी खूश व्हते. माणसं पाहून माझा आवाज आतच ऱ्हातो, तुला ठाऊकच हाय.

मागच्या उन्हाळ्यात कंपनीनं दादाला दोन महिने हैदराबादला पाठवलं, नवीन मशीन शिकायला. त्यानं तिथून फोन केला, लेकरांना सुट्ट्या हायत, सगळे या, चारमिनार पाहू, प्राण्यांची बाग पाहू, आन या तर इमानानं या, आपल्या घरात कुणी इमानात बसलं नाय. तिकिटं त्यानंच काढली. वहिनी, मी, आन दोन लेकरं. जायच्या दोन दिवस आधी वहिनीची रजा रद्द झाली, तिच्या वॉर्डातल्या दोघी एकदम आजारी पडल्या. ती म्हणली, "मी दोन दिवसांनी रेल्वेनं येते. तू लेकरांना घेऊन जा." मी म्हणले, "मी? एकटी?" "अगं अठरा पूर्ण झालीत तुला. काही नाही त्यात. बोर्ड वाचायचे, रांगेत उभं राहायचं, विचारतील तेवढंच सांगायचं." दादा फोनवर म्हणला, "जमंल ना गं? का राहू देऊ?" पोरगा शेजारीच उभा व्हता, आठ दिवसांपासून गल्लीत सगळ्यांना सांगत हिंडत व्हता की आम्ही इमानानं चाललो. मी म्हणले, जमंल.

त्या दिवशी सकाळी पिशव्या भरताना मी पेटी उघडली. अडकित्ता धाकटीच्या जुन्या मोज्यात घातला आन पोराच्या पाठीवरच्या बॅगेत तळाला ठेवला, डब्याच्या खाली. तूच सांगायचीस, लेकराजवळ लोखंड असावं, वाऱ्यावावधानात धीर ऱ्हातो. मी जन्मले तवा बारा दिवस तो माझ्या उशाला व्हता, असं मावशी सांगती. मग वर जायचं, ढगात, आन लेकरांजवळ लोखंडाचं काहीच नाय, ते मला बरं वाटंना. इमान आख्खं लोखंडाचंच असतं हे माझ्या ध्यानातच आलं नाय. आन खरं सांगायचं तर लेकरांना कशाचंच भ्या नव्हतं. भ्या मला व्हतं. पोराची बॅग माझ्या पायाशी राहणार म्हणून मी ती निवडली.

वहिनी चिकलठाण्याच्या विमानतळापर्यंत रिक्षानं सोडायला आली. दारावर तिनं पोराला सांगितलं, "आत्याला त्रास द्यायचा नाही. तू मोठा आहेस." तो म्हणला, "मीच आत्याला नेतो." वहिनी म्हणली, तुम्ही आत गेल्याचा फोन करा, तोवर मी हितंच झाडाखाली थांबते. ते तिकीट दाखवणं, आधार कार्ड दाखवणं, सगळं मी केलं माय. धाकटी कडेवर, पोराचा हात हातात. काउंटरवरच्या पोरीनं विचारलं, "बच्चे आपके हैं?" मी म्हणले, "भाई के." तेवढं धड निघालं आवाजात, तर मलाच नवल वाटलं.

मग ते तपासायचं यंत्र आलं, पट्ट्यावर बॅगा सरकतात ते. माझी पिशवी पलीकडून निघाली, धाकटीची निघाली, पोराची बॅग बाजूला काढली. वर्दीतली एक बाई व्हती. तिनं विचारलं, "ये बैग किसका है?" पोरगा म्हणला, "मेरा है," एकदम ऐटीत. बाईनं बॅग उघडली. डबा काढला, पाण्याची बाटली काढली, रंगपेन्सिली काढल्या, मोजा काढला. मोजा उलटा केला तर अडकित्ता त्या ट्रेमधी पडला, लई मोठा आवाज झाला. मागं रांगेत माणसं व्हती, चांगल्या कपड्यातली, बूट काढून हातात घेतलेली. त्यातला एक जण म्हणला, "मॅडम, सुपारी का सरौता है वो," आन दुसरा म्हणला, "पान की दुकान खोलने जा रहे हैं हैदराबाद में." सगळे हसले. बाईबी हसली जराशी. मग माझ्याकडं पाहून विचारलं, "किसका है ये?"

हिथं मला थांबून सांगावं लागंल. आपण घरात मव्हं-तुव्हं म्हणायचो. शाळेत बाई म्हणायच्या, मव्हं नाय, माझं म्हण. वहिनीची लेकरं माझं म्हणत्यात, मी चुकून मव्हं म्हणले की पोरगा खिदळतो, आत्या पुन्हा म्हण ना. तिथं त्या बाईला सांगायचं तर मेरा म्हणायला पायजे व्हतं. माझ्या तोंडात आधी मव्हा आलं, ते मी गिळलं, मग माझा आलं, मग मेरा. तीन शब्द आन एकबी बाहेर पडंना. माणसं वाट पाहत व्हती. आन मग मी पोराकडं बोट केलं आन म्हणले, "इसने डाला होगा." हे मात्र असं झरझर निघालं माय, शुद्ध हिंदी, कुठं अडकलं नाय.

बाई काय वाईट नव्हती. ती खाली वाकली, त्याचा गाल ओढला, "क्यों रे हीरो, किसको काटने चला था?" पुन्हा हशा झाला. पोरगा माझ्याकडं पाहायला लागला. "मी नाही टाकला. आत्या, मी नाही टाकला." माझी ओढणी धरून ओढत व्हता. मी त्याला म्हणले, "गप." बाईनं मला विचारलं, "बाहर कोई छोड़ने आया है? दे आओ, टाइम है." वहिनी बाहेर झाडाखाली उभी व्हती. दोन मिन्टांचं काम. पण मग वहिनी विचारणार, हा कुणी ठेवला, आन पोरगा शेजारीच. मी मान हलवली, कुणी नाय. बाईनं तो एका खोक्यात टाकला. त्यात कातऱ्या व्हत्या, लायटर व्हते, एक सुरीबी व्हती. मी मोजा उचलून घेतला, पोराच्या बॅगेची चेन लावली आन चालू लागले. वहिनीला फोन केला, "झालं सगळं." ती म्हणली, "बघ, म्हणलं नव्हतं मी?"

इमानात पोराला खिडकीची जागा व्हती. आठ दिवस ज्या खिडकीसाठी नाचत व्हता, तिच्याकडं त्यानं पाह्यलंबी नाय, मांडीवर बॅग धरून बसला. इमान वर उठलं तवा धाकटीनं कान धरून भोकाड पसरलं. बाजूला एक म्हातारे बाबा व्हते, धोतर-टोपीतले, लेकाकडं चालले व्हते. ते म्हणले, "कानात दडे बसले असतील. गूळ हाय का जवळ? चघळायला द्या." मी डब्यातला गुळाचा खडा दिला तशी ती गप झाली, आन तोंडात गूळ धरून जोरात म्हणली, "आत्या, आता इमान पल्लं तल?" पुढच्या सगळ्या रांगा हसायला लागल्या. बाबा म्हणले, "पडत नाय बाई, मी बसलोय ना, लई जड हाय मी." ती हसली, मीबी हसले. पोरगा नाय हसला. थोड्या वेळानं माझ्या कानाशी येऊन म्हणला, "आत्या, खाली उतरल्यावर पोलीस मला पकडतील का?" मी म्हणले, नाय रे. तो म्हणला, "मग पप्पाला सांगतील?" मी म्हणले, "तू गूळ खा."

त्या तासाभरात मला तुझी शाळेतली गोष्ट आठवली. आधी आठवली असती तर बरं झालं असतं, पण माझं सगळं उशिरानं. पहिलीत व्हते मी. रोज दारातून रडत जायचे, म्हणून एक दिवस तू अडकित्ता माझ्या दप्तरात टाकलास. बाईंना तो सापडला. त्यांनी तुला बोलावणं पाठवलं, तू कातरकाम सोडून तशीच आलीस, हात तांबडे, पदराला सुपारीचा भुगा. बाई म्हणल्या, "हे काय आहे? पोरांच्या दप्तरात हत्यार? कुणाचं आहे हे?" आन तू आख्ख्या वर्गासमोर म्हणलीस, "मव्हाच हाय त्यो. मीच ठेवला. पोरीला भ्या वाटतंय, लोखंड जवळ असलं की धीर येतो. तुमच्या शाळेत धीर भेटत असंल तर सांगा, घेऊन जाते परत." बाईंना हसू आलं. तू अडकित्ता कमरेला खोचला आन गेलीस. पण पोरांनी मला दोन-तीन वर्षं मव्हा म्हणूनच हाक मारली. ए मव्हा, पेन्सिल दे. त्या दिवशी घरी आल्यावर मी तुला म्हणले, "तू शाळेत नको येत जाऊ." तू वर पाह्यलंस, "बरं" म्हणलीस, आन कातरायला लागलीस. पुन्हा कधी आलीच नायस. निकालालाबी दादाला पाठवायचीस.

हैदराबादला दादा घ्यायला आला व्हता. पोरगा पळत जाऊन त्याच्या गळ्यात पडला आन रडायला लागला. दादा म्हणला, "काय झालं रे वाघा?" त्यानं माझ्याकडं पाह्यलं. मी म्हणले, "इमानात घाबरला." दादा हसला, "हात्तिच्या, आन गल्लीत तर लई फुशारकी मारत व्हता म्हणं." म्हंजे हे दुसरं खोटं. दुसऱ्या दिवशी प्राण्यांच्या बागेत गेलो. फाटकावर रखवालदार पिशव्या पाहत व्हता. पोरगा रांगेतच थांबला, पँटीचे दोन्ही खिसे बाहेर ओढून धरले आन म्हणला, "काका, माझ्याकडं काही नाही." त्या माणसाला मराठी कळत नव्हतं, तो हसला आन त्याच्या डोक्यावरून हात फिरवला. दादाबी हसला, "ह्यो काय नवीन खेळ?" किल्ल्यावर गेलो तिथंबी तेच. एका मोठ्या दुकानाच्या दारात तर त्यानं चपलाबी काढून दाखवल्या. खिशांचं आतलं पांढरं कापड असं दोन्ही बाजूंना लोंबत ठेवून तो आमच्या पुढं चालायचा. दादा फोटो काढायचा. मला सगळं कळत व्हतं. मी धाकटीला कडेवर घेऊन मागं मागं चालायचे.

तिसऱ्या दिवशी वहिनी आली. ती दारातून आत येऊन पिशवी ठेवती न ठेवती तोच पोरगा तिच्यासमोर उभा राह्यला, हात मागं बांधून, शाळेत उभं करतात तसा. म्हणला, "मम्मी, माझी चूक झाली. मी आत्याचा अडकित्ता बॅगेत टाकला. तो पोलिसांनी घेतला." मी तिथंच भाजी निवडत बसले व्हते. वहिनी आधी चिडली, "वेड लागलंय का तुला? काही लागलं असतं म्हणजे? विचारल्याशिवाय दुसऱ्याच्या वस्तूला हात लावतात?" एक धपाटाबी दिला पाठीत, हळूच, पण दिला. तो रडला नाय. मग ती माझ्यापाशी बसली आन माझ्या खांद्यावर हात ठेवून म्हणली, "तुझ्या आईचा होता ना गं तो? मला बाहेर आणून का नाही दिलास? मी होते की तिथं." दादाचं तोंड उतरलं. त्यानं पोराला म्हणलं, "आत्याची माफी माग." आन तो माझ्या पाया पडला माय. सात वर्षंबी पुरी नव्हती झाली तवा. मी त्याला उठवलं आन म्हणले, "जाऊ दे." सगळ्यांना वाटलं माझं मन किती मोठं. संध्याकाळी दादानं माझ्यासाठी बांगड्या आणल्या, तिथल्या खड्यांच्या. मी घातल्याबी.

त्याला आता वरीस होईल. मी ठरवलं व्हतं, सांगायचं. दादाला रविवारी सुट्टी असती, म्हणून रविवारी सांगायचं. असे लई रविवार गेले. तो विषय कुणी काढत नाय, मलाच वाटलं, पोरगा विसरला असंल. मग मागच्या आठवड्यात त्याला शाळेतून निबंध सांगितला, माझा प्रवास. लिहून झाल्यावर त्यानं वही मला दाखवली, कारण त्याला वाटतं आत्याला नववीपर्यंतचं सगळं येतं. त्यात लिहिलं व्हतं, मी विमानात बसलो. मी बॅगेत अडकित्ता लपवून नेला होता. पोलिसांनी मला पकडले नाही कारण मी लहान आहे. त्यानंतर मी शहाणा झालो.

वहिनी आत पोळ्या करत व्हती. मी त्याला हळू म्हणले, "आरं, तो तू नव्हता टाकला. मी टाकला व्हता." त्यानं माझ्याकडं पाह्यलं. म्हणला, "नाही आत्या, मीच टाकला." मी म्हणले, "नाय रे राजा. मव्हा व्हता तो, मीच ठेवला." तो मव्हावर हसला पण नाय ह्या वेळी. म्हणला, "मला आठवतंय ना. तुझ्या पेटीतून काढला, मग मोज्यात घातला, मग डब्याखाली ठेवला. तुला कसं माहीत असणार, तू झोपली होतीस." आन पेन्सिलीला टोक करायला लागला.

मी आत जाऊन वहिनीला बोलवायला पायजे व्हतं. तिच्यासमोर पुन्हा म्हणायला पायजे व्हतं, मोठ्यानं, तू म्हणलीस तसं. मी उठलेबी. सैपाकघराच्या दारापर्यंत गेले. वहिनी म्हणली, "काय गं?" मी म्हणले, "पोळ्या लाटू का?" तिनं लाटणं माझ्या हातात दिलं.

हे तुला कुठं पाठवणार? तुझा नंबर कधी नव्हताच. इथंच मोबाईलमधी ठेवीन, नाहीतर वहिनीच्या नजरेला पडायच्या आधी पुसून टाकीन, पुसण्यात मी हुशार हाय. पण एक राह्यलं, ते लिहिते. पोरगा जेव्हा मीच टाकला म्हणला, मला आठवतंय म्हणला, तवा मला आधी बरं वाटलं. लाज नंतर आली.

परवा मावशीनं कवळी बसवून घेतली. आता ती हसली की तुझ्यासारखी दिसत नाय.